नखी कोणती घ्यावी?

दुधनीत लग्नाची वरात निघाली की घरात बसलेल्यालाही गाण्याची चाल कळते ती बेंजोवरून. एका गाडीवर ढोल, ताशे, कॅसिओ आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर चढवलेले असतात. त्या गदारोळातून नेमकी चाल बाहेर काढायचं काम हे पेटीवजा वाद्य करतं. वाजवणाऱ्याचा डावा हात बटणांवर पळत असतो आणि बघ्यांचे डोळे त्याच हातावर खिळलेले असतात. उजव्या हाताच्या चिमटीत मात्र प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा असतो आणि तो तारांवर इतक्या वेगाने मागेपुढे होतो की दिसतच नाही. हीच नखी. गिटार शिकू पाहणाऱ्या दुधनीच्या मुलाने पहिला धडा इथे घ्यावा. बऱ्याच गिटारच्या क्लासांत न सांगितली जाणारी एक गोष्ट या बेंजोवाल्याला अनुभवाने ठाऊक असते. आपल्या तारेला कोणाकोणाच्या आवाजातून वाट काढायची आहे ते आधी बघायचं आणि मग नखी उचलायची.

गिटार अशा गावात येते ती सोलापूरहून एसटीच्या किंवा रेल्वेच्या डब्यातून, नाहीतर कुरियरने. खोक्यात गिटारीबरोबर पट्टा, कॅपो, तारांचा जादा संच आणि दोन-तीन पिक, म्हणजे नख्या, फुकट आलेल्या असतात. त्या फुकटच्या पिक कुठल्या जाडीच्या, कुठल्या प्लास्टिकच्या, हे कोणी बघत नाही. मुलगा वर्षभर त्याच वापरतो. आवाज पातळ येतो, बोटं अडखळतात, तार सुटताना टकटक ऐकू येते, आणि घरचे म्हणतात, गिटारच हलकी निघाली. हजारो रुपयांच्या वाद्याला दोष देण्याआधी वीस-तीस रुपयांचा तुकडा बदलून बघावा, एवढंही कोणी सुचवत नाही.

नखी नेमकं करते काय? ती तारेला बाजूला ओढते आणि सोडून देते. सोडण्याच्या क्षणी तार सरळ नसते, तिला एका जागी कोपरा आलेला असतो. हा कोपरा जितका टोकदार, तितके मूळ स्वराबरोबर वरचे स्वयंभू स्वर जास्त उमटतात आणि आवाज खणखणीत लागतो. बोटाच्या मऊ पेराने छेडलं तर कोपरा गोल होतो, वरचे स्वर गळतात आणि आवाज गोल, दबका येतो. आता जागेचं पाहा. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०० साली दाखवून दिलं की तार जिथे छेडली जाते, तिथे ज्या स्वयंभू स्वराचा स्थिर बिंदू येतो तो स्वर उमटतच नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे स्वर गायब होतात आणि आवाज पोकळ वाटतो. एक-पंचमांश अंतरावर छेडली तर पाचवा आणि दहावा जातो. गिटारवर घोडीजवळ वाजवलं की आवाज बोचरा होतो आणि भोकाच्या वर, मानेकडे सरकलं की मऊ होतो, त्याचं मूळ इथेच आहे. म्हणून नखी बदलण्याआधी हात दोन बोटं इकडेतिकडे सरकवून बघावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागतं आणि पैसे वाचतात.

ही सगळी विद्या दुधनीच्या आसपास गिटारीच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. हे गाव अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूर–वाडी लोहमार्गावरचं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. अनेकांच्या घरात कन्नड आणि बाजारात मराठी. साहजिकच दोन्हीकडची तारवाद्यं इथे ऐकायला मिळतात. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगती आणि जोगतिणी चौंडकं वाजवतात. ते काखेत धरायचं, कातड्यातून निघालेली तात डाव्या हाताने ताणायची आणि उजव्या हातातल्या छोट्या तुकड्याने छेडायची. ताण कमी-जास्त केला की स्वर वरखाली होतो आणि वाद्य बोलल्यासारखं वाटतं. पलीकडे तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ. तिथे संबळाच्या जोडीला तुणतुणं. लाकडाचा पोकळ नळा, खाली ताणलेलं कातडं, बाजूला काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि कातड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत एकच तार. ती छेडायला लाकडाची बारीक काडी. बस्स.

आता या काडीचा विचार करा. संबळ हे चामड्याचं, दणदणीत वाद्य. समोर उघड्यावर बसलेला जमाव. गोंधळ्याला स्वर धरून ठेवायला एकच आधार, ही एक तार. तिथे बोटाने छेडलं तर ते गोंधळ्याला स्वतःलाही ऐकू येणार नाही. म्हणून कडक, न वाकणारी काडी. तिच्यामुळे तारेच्या प्रत्येक छेडीबरोबर एक कोरडी टिचकी निघते आणि ती टिचकी संबळाच्या घुमण्यापेक्षा खूप वरच्या पट्टीत असल्यामुळे दबत नाही. ‘आपलंच तुणतुणं वाजवणं’ हे आपण टोमण्याने म्हणतो, पण फडावर तुणतुण्याचं ते एकसुरी, न थांबणारं वाजणंच शाहिराला सुरात ठेवतं. सोलापूरचे रामजोशी पेशवाईच्या अखेरीस लावण्या रचत आणि गात होते, बार्शीचे अमर शेख विसाव्या शतकात कामगारांच्या मैदानी सभांतून पोवाडे म्हणत होते. शाहिरी परंपरेत डफ-ढोलकीच्या कडकडाटाशेजारी तुणतुण्याला उभं राहायचं असतं आणि ते काडीच्या जोरावर उभं राहतं.

याच्या अगदी उलट टोकाला तंबोरा. मिरजेचा तंबोरा, ज्याला सतारीबरोबर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरच्या बाजूला पिकतात. एवढ्या मोठ्या वाद्याला नखी नाही. मधल्या बोटाच्या पेराने पंचमाची तार, तर्जनीने बाकीच्या, तेही जवळजवळ कुरवाळल्यासारखं. मग तो झणझणीत, मधमाशांसारखा नाद येतो कुठून? घोडीवरून. तिचा माथा सपाट-वक्र घासलेला असतो आणि तार हलताना त्या माथ्याला पुन्हा पुन्हा टेकते. जवारी म्हणतात ती हीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवलं की तंबोऱ्यावर आणि वीणेवर यंगचा नियम चालत नाही. छेडण्याच्या जागेमुळे जे स्वयंभू स्वर गळायला हवेत तेही घोडीच्या वक्रतेमुळे उमटतात. वरचे स्वर घोडीच देत असेल तर त्यासाठी टोकदार नखी कशाला? शिवाय तंबोऱ्याला कोणावर मात करायची नसते. गवय्याच्या मागे राहून त्याला स्वराची भिंत द्यायची असते. नखीची टिचकी तिथे आड आली असती. वारकऱ्यांची वीणाही बोटानेच छेडतात. विणेकऱ्याच्या गळ्यात ती तासन् तास असते आणि टाळ-मृदंगाच्या कल्लोळात ती फार लांब ऐकू जावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. तिचं स्थान वेगळं आहे.

मधल्या जागी सतार. तिच्या नखीला मिजराब म्हणतात. पोलादी तार वळवून केलेली ही टोपी उजव्या हाताच्या तर्जनीत अडकवायची आणि टोक बोटाच्या पुढे थोडं बाहेर काढायचं. आत छेडलं की ‘दा’, बाहेर छेडलं की ‘रा’. सैल असेल तर ती बोटावर फिरते आणि घट्ट असेल तर अर्ध्या तासात बोट निळं पडतं. दुकानात निवडताना तीन-चार घालून बघाव्यात आणि तरी न बसल्यास पक्कडीने हळूच दाबून घ्यावी. सतारीची बाजाची तार आणि स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारची सगळ्यांत बारीक तार, दोन्ही साधारण ०.३० मिलिमीटर जाडीच्या असतात. तार जवळजवळ तीच, पण सतारवादक त्यावर न वाकणारं पोलाद चालवतो आणि गिटारवाला वाकणारं प्लास्टिक. सतारीवर एका वेळी मुख्यतः एकच तार बोलते आणि तिच्यावर मींड काढायची असते. तार एका ठोक्याने पुरेशी पेटली पाहिजे, नाहीतर मींड संपेपर्यंत नाद टिकत नाही. गिटारवर सहाही तारा एका झटक्यात ओलांडायच्या असतात. तिथे न वाकणारी नखी प्रत्येक तारेला अडखळते.

सरोदेची नखी म्हणजे जवा. तो नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी कडक आणि दाट, पण पोलादाइतकी निर्दय नव्हे. घासून गुळगुळीत केल्यावर तिची कड तारेवरून सरकते आणि आवाजात धातूचा चरचराट येत नाही. सरोदेच्या मानेवर आधीच पोलादी पत्रा असतो आणि डाव्या हाताची नखं त्यावर घासत असतात. उजवीकडूनही पोलाद आलं असतं तर कानाला सोसलं नसतं.

बेंजोकडे परत येतो, कारण गिटारवाल्याला सगळ्यांत जवळचा शेजारी तोच. अमेरिकेतल्या गोल, कातडी ताणलेल्या बॅन्जोशी याचा फक्त नावापुरता संबंध. हा मूळचा जपानी. गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. आडव्या पेटीवर तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरच्या धर्तीची बटणं. भारतात आल्यावर त्याचं बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं आणि महाराष्ट्रात बेंजो. भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या साथीला ते बसलं, गणपतीच्या आणि आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांत फिरलं, लग्नाच्या वरातीत तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बेंजो’ नावाचा हिंदी चित्रपटच काढला.

बेंजोवर चालीच्या तारा एकाच स्वरात मिळवलेल्या, शेजारी शेजारी असतात. नखी त्या सगळ्यांवरून एकदम जाते. या वाद्यावर स्वर लांबवायचा तर तार पुन्हा पुन्हा छेडावी लागते. म्हणून उजवा हात सतत थरथरता ठेवायचा. मँडोलिनवरही हेच. लक्ष्मीकांत–प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर लहानपणापासून मँडोलिन वाजवत, आणि हिंदी चित्रपटगीतांत मँडोलिनचे जे थरथरते तुकडे ऐकू येतात ते अशाच थरथरत्या हाताचे. या थरथरीला पातळ नखी घेतली तर ती प्रत्येक ठोक्याला वाकते आणि सरळ व्हायला वेळ लावते. वेग वाढला की आवाजाऐवजी प्लास्टिकची फडफड ऐकू येते. फार टोकदार घेतली तर टोक दोन तारांच्या मध्ये अडकतं. म्हणून थरथर करणारे लोक जाड पण गोल खांद्याची नखी पसंत करतात. काही जण तर नेहमीच्या पिकचं टोक सोडून तिचा गोल खांदाच पुढे धरून वाजवतात. गिटारवर जुन्या गाण्यांचे मँडोलिनचे तुकडे काढायचे असतील तर ही युक्ती करून बघावी.

आता दुकानात. तिथे ‘नखी’ म्हटलं तर दुकानदार नेलकटर दाखवायचा, ‘पिक’ म्हणा. पिकवर बहुधा जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ०.६०च्या खालच्या पातळ, ०.६० ते ०.८० मधल्या, त्याच्या वरच्या जाड आणि १.५च्या पुढे अगदी दगड. डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स पिकमध्ये रंगावरून जाडी कळते: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८, निळी १.०, जांभळी १.१४. या रंगांची इतकी सवय झाली आहे की गिटारवाले ‘हिरवी दे’ म्हणतात आणि समोरच्याला कळतं.

माझं ऐकाल तर शिकणाऱ्याने पहिली पिवळी घ्यावी. ०.७३ ही जाडी कोणत्याही एका कामात सर्वोत्तम नाही, पण कुठल्याच कामात नडत नाही. सहा महिने वाजवल्यावर हात आपोआप सांगतो, पातळ पिककडे जायचं की जाड.

तो पातळ पिककडे कधी जातो? गाण्याला साथ करताना, म्हणजे स्ट्रमिंग करताना. समजा गावातल्या भजनी मंडळात किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये गिटार धरायची आहे. शेजारी पेटी आहे. पेटीचा आवाज मधल्या पट्टीत भरगच्च असतो आणि जाड पिकने वाजवलेले गिटारचे कॉर्डही नेमके तिथेच येऊन बसतात. दोघांचं मिळून गुरगुरणं होतं आणि गायक ओरडायला लागतो. तिथे ०.५० किंवा ०.६०ची पिक घ्यावी. ती वाकत वाकत तारांवरून जाते, मधला भर कमी होतो आणि वर एक बारीक सळसळ राहते, जी पेटीच्या वाटेत येत नाही पण ताल धरून ठेवते. पिक सैल धरा, मनगट हलवा, कोपर नव्हे.

जाडीकडे कधी? एकेक स्वर काढताना, गाण्याच्या मध्ये वाजणारा तुकडा किंवा इलेक्ट्रिक गिटारवर लीड वाजवताना. वाकणाऱ्या पिकने ठोका कुठे बसला हे हाताला उशिरा कळतं. जाड पिक, १ मिलिमीटरच्या पुढची, वाकत नाही, म्हणून हाताची हालचाल लगेच तारेत उतरते. बोटांच्या बाहेर टोक फक्त तीन-चार मिलिमीटर ठेवायचं. त्याहून जास्त ठेवलं की पिक लोलकासारखी डोलते. डनलॉपची जॅझ थ्री ही छोटी, टोकदार, १.३८ मिलिमीटरची पिक याच कामाला जगभर चालते. ती इतकी लहान असते की पहिल्या दिवशी हातातून निसटते आणि पंधरा दिवसांनी मोठी पिक हातात धरवत नाही. पिक तारेला समांतर धरण्यापेक्षा किंचित तिरकी धरली तर ती तारेवर आपटण्याऐवजी कापत जाते आणि वेग वाढतो. आवाजात थोडी खरखर येते, ती इलेक्ट्रिकवर चालते, अकूस्टिकवर नको वाटते.

हवाईयन पद्धतीने, गिटार मांडीवर आडवी ठेवून दांडीने वाजवणाऱ्यांचं सगळंच निराळं. अंगठ्यात अंगठीसारखी बसणारी पिक आणि तर्जनी-मध्यमेवर धातूच्या टोप्या. ब्रिजभूषण काबरा यांनी याच गिटारवर रागसंगीत वाजवलं आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ती ऐकू आली. अशा गिटारकडे वळायचं असेल तर अंगठ्याची पिक आधी घ्या. मापाची मिळाली नाही तर प्लास्टिकची पिक गरम पाण्यात धरून थोडी सैल करता येते.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर पिक घेऊच नका. ती बोटांनी आणि नखांनी वाजवायची असते, आणि टणक पिकने नायलॉन लवकर झिजतो. युकुलेले हौसेने घेतलेल्यांनीही बोटं वापरावीत. जॅझमधला मोठा गिटारवादक वेस मॉंटगोमेरी आयुष्यभर अंगठ्याच्या पेराने वाजवत राहिला.

पदार्थाचं थोडं. एके काळी पिक कासवाच्या कवचाच्या असत, हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या. १९२२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डी’आंद्रियांनी सेल्युलॉइडच्या पिक काढायला सुरुवात केली, तरी कवचाची चटक लागलेले लोक होतेच. सत्तरीच्या दशकात त्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि आपल्याकडेही ते संरक्षित आहे. कोणी जुनी कवचाची पिक विकायला काढली तर हात जोडावेत. टॉर्टेक्स १९८१ साली आली ती कवचासारखी पकड आणि उसळी देण्यासाठीच. सेल्युलॉइड अजून बाजारात आहे. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं बनतं. नवी पिक अंगठ्याने जोरात घासून नाकाशी धरा, देवघरातला वास येतो. कापरासारखीच ती पेटतेही भराभर, म्हणून निरांजनापासून लांब ठेवलेली बरी. आवाज मात्र तिचा उबदार असतो. नायलॉन लवचीक आणि चिवट, पातळ पिकला तोच बरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सेल्युलॉइडची गुळगुळीत पिक घामाने हातात टिकत नाही. त्या दिवसांत खरबरीत पृष्ठभागाची, उठावाची नक्षी असलेली नायलॉनची पिक घ्यावी.

धातूची पिकही मिळते. क्वीन या बँडचा ब्रायन मे जुन्या सहा पेनीच्या नाण्याने वाजवतो हे कळल्यावर इथली मुलं रुपयाने वाजवून बघतात. त्या नाण्याची कड दातेरी आणि धातू तांबं-निकेलचा, पोलादापेक्षा मऊ. आपला आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. तो तारेला कानशीसारखा घासतो आणि पहिली तार बघता बघता तुटते.

पिक गावात मिळत नसेल तर घरी करता येते आणि ती विकतच्यापेक्षा वाईट असतेच असं नाही. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. जगभरच्या अशा कार्डांची जाडी एकाच प्रमाणाप्रमाणे ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या पिवळ्या पिकच्या अगदी जवळ. चिप आणि चुंबकीय पट्टी सोडून कोऱ्या जागेवर एखादी पिक ठेवून बॉलपेनने कड काढायची, आणि चांगल्या कात्रीने एक मिलिमीटर बाहेरून कापायची. एकदम आकारात कापायला गेलं तर प्लास्टिकला तडा जातो. मग बारीक पॉलिश पेपर टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवून पिकची कड त्यावर घासायची, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात, टोक अंगठ्याच्या पेराला खरचटायचं थांबेपर्यंत. शेवटी जीन्सच्या कापडावर दोन मिनिटं जोरात घासली की कड चकाकते. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून बहुतेक जण गाळतात आणि मग तारेवर चरचर येते म्हणून तक्रार करतात. हे प्लास्टिक पीव्हीसी असल्याने पिक लवकर झिजते, पण एका कार्डात तीन-चार निघतात. कार्डाचे उरलेले तुकडे बारीक करून फेका, त्यावर नंबर असतो.

करवंटीचीही होते. करवंटी तीन-चार मिलिमीटर जाड आणि वाकडी असते, म्हणून ती गिटारवर स्ट्रमिंगला निरुपयोगी. पण एकेक स्वर काढायला तिच्यासारखा उबदार, जाड आवाज प्लास्टिक देत नाही. चांगली पिकलेली, काळपट करवंटी निवडावी. कोवळी पांढरट करवंटी घासताना पापुद्र्याने सुटते. बाहेरचे तंतू काढून आतून-बाहेरून घासत टोक दीड मिलिमीटरपर्यंत आणायचं, मागचा भाग जाडच राहू द्यायचा म्हणजे पकड बसते. शेवटी खोबरेल तेलाचा हात.

चार-पाच पिक जमल्या की त्यांची परीक्षा गिटार मांडीवर घेऊन, कान लाकडाला लावून करू नका. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, घरातल्या कोणालातरी गायला किंवा तबला वाजवायला बसवा, तेच कडवं प्रत्येक पिकने वाजवा आणि रेकॉर्ड करा. नंतर ऐकताना पिकचं नाव झाकून ऐका. एकट्याने वाजवताना जी पिक भरदार वाटत होती ती तबल्याबरोबर चिखल करते आणि जी किरकिरी वाटत होती ती स्वच्छ उठून येते, असं निम्म्या वेळा तरी घडतं. बेंजोवाल्याला हे रेकॉर्डिंगशिवाय कळतं, कारण त्याचा सराव बंद खोलीत होत नाही, थेट वरातीतच होतो.

निवडलेली पिक झिजते हेही ध्यानात ठेवावं. टोक एका बाजूने तिरकं होतं, उजव्या हाताने वाजवणाऱ्याचं एका दिशेने, डावखुऱ्याचं उलट्या दिशेने. तिरकं झालेलं टोक तारेवर घसरतं आणि आवाजात एक खरखर सुरू होते, जी इतकी हळूहळू वाढते की वाजवणाऱ्याला कळतही नाही. दर महिन्याला नवी आणि जुनी पिक एकापाठोपाठ एक वाजवून बघावी. नेहमीच्या पिकला टोक एकच असतं. मोठ्या त्रिकोणी पिकला तिन्ही टोकं सारखी असतात, त्यामुळे ती तिप्पट चालते. रोज तीन-चार तास वाजवणाऱ्यांना ती परवडते. हात लहान असेल तर मात्र ती धरायला जड जाते, तेव्हा घेण्याआधी दुकानातच चिमटीत धरून बघावी.